मोटारींतील ध्वनिवर्धक मध्येंच कां थांबतो?

रेणापूर हें लातूर जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. रेणा नदीचा कांठ, रेणुकादेवीचें देवस्थान आणि भोंवतालची काळी जमीन ही त्याची जुनी ओळख होय. अशा गांवांत बैलगाडीच्या जोडीला मोटार आली, त्याबरोबर मोटारींतील गाणेंहि आलें. लातूरच्या अडतीवर सोयाबीन व तूर पोंचविणारा टेम्पो असो, प्रवाशांची जीप असो, वरातीपुढें चालणारी वाजपाची गाडी असो, कीं निवडणुकींत गल्लोगल्लीं हिंडणारी प्रचाराची रिक्षा असो. बॅटरीवर चालणारा ध्वनिवर्धक, म्हणजे ज्याला बाजारांत ॲम्प्लिफायर म्हणतात तो, त्यांत पुष्कळदां आढळतो. आणि त्याविषयींची एक तक्रार वारंवार कानीं येते. गाणें रंगांत येतें न येतें तोंच यंत्र गप्प होतें. क्षणभरानें पुन्हां बोलूं लागतें, पुन्हां गप्प होतें.

ही तक्रार वरवर पाहतां निव्वळ करमणुकीची वाटेल. परंतु ज्याचें पोट वरातींच्या सुपाऱ्यांवर आहे, त्याची गाडी ऐन मिरवणुकींत मुकी झाली तर ठरलेल्या पैशांत काट बसते आणि पुढच्या लग्नाची सुपारी दुसऱ्याकडे जाते. मग तो घाबरून दोहोंपैकीं एक मार्ग धरतो. कोणी सांगतो, 'यंत्र नासलें, नवें घ्या.' कांहीं हजार रुपये खर्चून नवें यंत्र बसविलें जातें आणि आठ दिवसांत तेंहि तसेंच थांबूं लागतें. कोणी सांगतो, 'फ्यूज मोठा घाला.' यंत्र थांबावयाचें तें थांबतेंच, पण गाडीला आग लागण्याची पूर्वतयारी मात्र होऊन बसते. पहिल्या मार्गांत पैसा जातो; दुसऱ्यांत गाडी जाते, आणि प्रसंगीं माणूसहि. म्हणून हें यंत्र कां थांबतें याचा शांतपणें विचार करणें अगत्याचें आहे.

मोटारींत गाणें ऐकण्याची खटपट जुनी आहे. अमेरिकेंत पॉल गॅल्व्हिन यांच्या कारखान्यानें १९३० सालीं मोटारींत बसविण्याचा रेडिओ तयार केला आणि त्यास 'मोटोरोला' हें नांव दिलें. त्या काळच्या यंत्रांत कांचेचे व्हॉल्व्ह असत. त्यांस मोठा विद्युत्-दाब लागे, आणि गाडीच्या बॅटरींत तर सहाच व्होल्ट असत. ही अडचण दूर करण्यासाठीं व्हायब्रेटर नांवाची एक थरथरणारी पट्टी योजीत. ती बॅटरीचा सरळ प्रवाह सारखा तोडी व जोडी. असा तुटक प्रवाह ट्रान्सफॉर्मरमधून नेला म्हणजे दाब वाढवितां येई. पुढें डिसेंबर १९४७ मध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. त्या कार्याबद्दल शॉकले, बार्डीन आणि ब्रॅटन यांस १९५६ चें नोबेल पारितोषिक मिळालें. व्हॉल्व्ह मागें पडले, सहा व्होल्टांच्या जागीं बारा व्होल्टांची बॅटरी आली. परंतु दाब वाढविण्याची गरज मात्र कायम राहिली.

ती कां राहिली तें थोड्या हिशेबानें कळेल. इंजिन चालू असतां बारा व्होल्टांच्या बॅटरीचा दाब सुमारें १४.४ व्होल्टांपर्यंत चढतो. एवढ्याच दाबावर चार ओहमच्या एका स्पीकरास फार तर २६ वॅट स्वच्छ ध्वनिशक्ति देतां येते. डेकच्या तोंडावर ५० वॅट असें ठळक छापलेलें असतें खरें, पण १४.४ चा वर्ग करून त्यास चारानें भागलें म्हणजे जवळजवळ तोच आंकडा येतो, आणि तितकी शक्ति स्वच्छ गाण्यांत कधींच मिळत नाहीं. याहून मोठा आवाज हवा असेल तर दाब वाढविला पाहिजे. म्हणून ॲम्प्लिफायरच्या पोटांत दोन भाग असतात. पहिला भाग बॅटरीचा प्रवाह सेकंदास हजारों वेळां तोडून दाब वाढवितो. हें त्या जुन्या थरथरणाऱ्या पट्टीचेंच काम, फक्त ट्रान्झिस्टरकडून करून घेतलेलें. दुसरा भाग तो वाढलेला दाब गाण्याच्या चढउताराप्रमाणें स्पीकरास पुरवितो.

दाब वाढला म्हणजे शक्ति फुकट मिळाली असें मात्र नाहीं. स्पीकराकडे जाणारी शक्ति आणि उष्णतेच्या रूपानें वायां जाणारी शक्ति, अशा दोन्हींची भरपाई बॅटरीलाच करावी लागते. जुन्या धाटणीचें, म्हणजे ज्याला एबी वर्गाचें म्हणतात तें, ५०० वॅटचें यंत्र भर जोरांत असतां अदमासें तितकीच शक्ति उष्णतेंत घालवितें. म्हणजे त्यास बॅटरींतून १००० वॅट, अर्थात् ८० अँपियरहून अधिक प्रवाह लागतो. गाडीचे पुढचे दोन साधे दिवे मिळून नऊ-दहा अँपियरच घेतात, हें लक्षांत घेतलें तर या भुकेची कल्पना येईल. डी वर्गाचीं नवीं यंत्रें पुष्कळ कमी तापतात. तरी त्यांनाहि हा हिशेब चुकलेला नाहीं.

एवढी शक्ति हाताळणाऱ्या यंत्रास स्वतःचा बचाव करावाच लागतो. त्यासाठीं त्याच्या आंत एक पहारेकरी बसविलेला असतो. बॅटरीकडून येणारा दाब पुरेसा आहे ना, अंग फार तापलें नाहीं ना, स्पीकराकडे जाणारा प्रवाह मर्यादेबाहेर गेला नाहीं ना, आणि स्पीकराच्या तारेवर गाण्याच्या ऐवजीं सरळ प्रवाह तर उतरला नाहीं ना, यांवर तो नजर ठेवतो. यांपैकीं कांहीं बिघडलें कीं तो यंत्र बंद करतो आणि बहुधा तांबडा दिवा लावतो. ताप आलेल्या मुलाचा ताप हाच रोग समजून कोणी वैद्य औषध देत नाहीं. तसेंच यंत्राच्या थांबण्याचें आहे. पहारेकऱ्यास गप्प करण्यांत अर्थ नाहीं. तो कशासाठीं ओरडतो आहे तें पाहिलें पाहिजे.

यासाठीं सर्वांत उपयोगी प्रश्न एकच: यंत्र केव्हां थांबतें? चालू करतांच, आवाज न वाढवितांहि थांबत असेल तर कोठें तरी तारा एकमेकींस चिकटल्या आहेत किंवा यंत्राच्या आंतच बिघाड आहे. ढोलाच्या दणक्याबरोबर, आवाज मोठा असतांनाच थांबत असेल तर दाब अपुरा पडतो आहे किंवा स्पीकरांचा भार जास्त झाला आहे. अर्धा-पाऊण तास नीट चालून मग थांबत असेल आणि थंड झाल्यावर आपोआप सुरू होत असेल तर उष्णतेचा दोष समजावा. खड्ड्यांतून जातांना थांबत असेल तर कोठें तरी तार सैल आहे किंवा घासली आहे. आणि यंत्र थांबतांना तांबडा दिवा न लागतां सगळेच दिवे विझत असतील, तर पहारेकऱ्याचा कांहीं संबंध नाहीं. यंत्राचा पुरवठाच तुटतो आहे. अशा वेळीं फ्यूज, मुख्य तारेचे सांधे आणि डेककडून येणारी ती बारीक तार, जी यंत्रास चालू होण्याचा इशारा देते, हीं आधीं पहावींत. बऱ्याच गाड्यांत ही तार निळी किंवा निळ्यावर पांढरी रेघ असलेली असते.

आतां एकेक कारण घेऊं. पहिलें दाबाचें. चांगली भरलेली बॅटरी इंजिन बंद असतां १२.६ व्होल्टांच्या आसपास दाखविते, १२.२ ला ती निम्मी उतरलेली असते आणि ११.९ च्या खालीं जवळजवळ रिकामी. इंजिन चालू केल्यावर दाब १३.८ ते १४.४ दरम्यान यावयास हवा. तो येत नसेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा तपासावा. वरात मुंगीच्या पावलानें चालते, इंजिन मंद फिरतें, आणि त्या वेळीं अल्टरनेटर पुरती वीज देत नाहीं. म्हणूनच घराजवळ उत्तम वाजणारें यंत्र मिरवणुकींत अडखळतें.

बॅटरी चांगली असूनहि दाब वाटेंत गळूं शकतो. इंजिनाजवळच्या बॅटरीपासून गाडीच्या मागच्या भागापर्यंत पांच मीटर तार लागते असें समजूं. ती चार चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची असेल, तर ४० अँपियर प्रवाहाला तिच्यांतच सुमारें ०.८६ व्होल्ट खर्च होतात. तीच सोळा चौरस मिलिमीटरची घातली तर खर्च ०.२ व्होल्टांवर येतो. बाजारांत तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तारहि मिळते. ती स्वस्त असते, पण तितक्याच जाडीला तिचा विरोध तांब्याच्या सुमारें दीडपट असतो. तारेचें टोंक ब्लेडनें खरवडावें. तांबडा थर जाऊन आंत पांढरें दिसलें तर ती ॲल्युमिनियमची समजावी.

जाण्याच्या वाटेइतकीच परतण्याची वाट महत्त्वाची, आणि दुर्लक्ष होतें तें हिच्याकडेच. यंत्राची अर्थिंगची तार गाडीच्या पत्र्यास जोडतात. त्या जागीं रंग किंवा गंज असला तर स्क्रू कितीहि आवळला तरी सांधा कच्चाच राहतो. पत्रा लखलखीत दिसेपर्यंत रंग खरवडावा, तार आखूड व मुख्य तारेइतकीच जाड असावी आणि दातेरी वॉशर घालून बोल्ट घट्ट करावा. सीटच्या पट्ट्याचा बोल्ट मात्र या कामास वापरूं नये. त्यावर माणसाचा जीव टांगलेला असतो. बॅटरीच्या खुंट्यांवर पांढरा-हिरवा क्षार जमला असेल तर ऋण बाजूची तार आधीं सोडून तो खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यानें धुवावा.

दुसरें कारण स्पीकरांच्या भाराचें. येथें शाळेंत शिकलेला ओहमचा नियम कामास येतो. चार ओहमचे दोन वूफर समांतर जोडले म्हणजे त्यांचा एकत्रित विरोध आठ होत नाहीं. तो दोन ओहम होतो. विरोध निम्मा झाला कीं प्रवाह दुप्पट होतो. त्यांतच यंत्राचे दोन मार्ग एकत्र करून, म्हणजे ब्रिज करून, हे वूफर जोडले असतील, तर प्रत्येक मार्गाच्या वाट्यास जणुं एकच ओहम येतो. यंत्रासोबतच्या कागदावर 'ब्रिज केल्यास किमान चार ओहम' असें लिहिलेलें असतां त्यास दोन ओहम जोडले, तर तें थांबावें यांत नवल तें काय? अशा वेळीं नवें यंत्र घेण्यापूर्वीं तेच वूफर एकापुढें एक जोडून पहावेत. मग विरोध आठ ओहम होतो. आवाज थोडा कमी होईल, पण तो शेवटपर्यंत टिकेल.

स्पीकर स्वतः जळला असेल तर तें मीटरनें कळतें. तारा सोडवून मोजल्यास चार ओहमचा चांगला स्पीकर तीन ते साडेतीन ओहम दाखवितो. कांटा जवळजवळ शून्यावर आला तर आंतील वेटोळें जळून चिकटलें आहे. कांहींच दाखविलें नाहीं तर तें तुटलें आहे. कागदी पडदा बोटांनीं हलकेंच दाबला असतां खरखर लागली, तरी वेटोळें घासतें आहे असें समजावें. शिवाय स्पीकरांच्या तारा दाराच्या बिजागरींतून, सीटच्या रुळाखालून आणि पत्र्याच्या धारेवरून जातात. तेथें आवरण सोलून तार पत्र्यास टेंकली कीं पहारेकरी तत्काळ यंत्र थांबवितो. स्पीकराची कोणतीहि तार आणि गाडीचा पत्रा यांत मीटरनें जोड दिसतां कामा नये.

तिसरें कारण उष्णतेचें. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत बाहेरचा पारा चाळिशी ओलांडतो. बंद करून उन्हांत ठेवलेल्या गाडीच्या आंत तो साठ अंशांपर्यंत जाऊं शकतो. यंत्राच्या अंगावरील पंख्यासारख्या पट्ट्या उष्णता हवेंत सोडण्यासाठीं असतात. तेंच यंत्र सीटखालीं गोधडींत गुंडाळल्यासारखें बसविलें, किंवा त्या पट्ट्यांत भुसा आणि धूळ साचली, तर उष्णता जाणार कोठें? यंत्राभोंवतीं निदान दोन बोटें मोकळी जागा असावी, पट्ट्या उभ्या राहतील असें तें बसवावें, आणि वूफरच्या खोक्यावर तर मुळींच बसवूं नये. तेथील हादऱ्यांनीं आंतले सांधे सुटतात. जरूर तर एक छोटा पंखा लावावा.

चौथें कारण माणसाच्या हातांत आहे. यंत्रावर गेन नांवाचा एक स्क्रू असतो. पुष्कळांस तो आवाज वाढविण्याचा वाटतो आणि ते तो शेवटपर्यंत पिळतात. वास्तविक डेककडून येणाऱ्या संकेताशीं यंत्राचा मेळ घालण्यापुरताच त्याचा उपयोग आहे. तो अति वाढविला म्हणजे ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात, गाणें फाटल्यासारखें येतें, आणि छाटलेली लहर तेवढ्याच उंचीच्या स्वच्छ लहरीपेक्षां दुपटीपर्यंत शक्ति स्पीकरांत ओतते. त्यानें स्पीकर जळतात आणि यंत्र तापतें. डेकचा आवाज पाऊणपट ठेवून गेन शून्यापासून हळूहळू वाढवावा, आवाज फाटूं लागतांच किंचित् मागें घ्यावा आणि मग त्यास हात लावूं नये.

तपासणीचा क्रमहि ठरलेला असावा. आधीं यंत्र बंद करून सर्व स्पीकरांच्या तारा सोडाव्यात आणि तें पुन्हां चालू करावें. तांबडा दिवा गेला तर दोष स्पीकरांत किंवा त्यांच्या तारांत आहे. यंत्र बंद करून एकेक स्पीकर जोडीत गेल्यास दोषी आपोआप सांपडतो. दिवा तसाच राहिला तर डेककडून येणाऱ्या संकेताच्या ताराहि सोडाव्यात. एवढ्यानेंहि तो विझला नाहीं आणि यंत्राच्या खुंट्यांवर दाब पुरेसा असला, तर दोष यंत्राच्या आंत आहे असें समजून तें दुरुस्तीवाल्याकडे न्यावें. घरीं तें उघडूं नये. आंतील कपॅसिटरांत पुरवठा तोडल्यावरहि कांहीं काळ वीज शिल्लक राहते.

ज्या गाडींत यंत्र जोरांत असतांनाच थांबतें, तेथें गाणें मोठ्यानें चालू ठेवून मीटरनें तीन मापें घ्यावींत. पहिलें बॅटरीच्या दोन खुंट्यांमध्यें, दुसरें यंत्राच्या दोन खुंट्यांमध्यें, आणि तिसरें बॅटरीची ऋण खुंटी व यंत्राची अर्थिंगची खुंटी यांमध्यें. पहिल्या दोन मापांतील फरक म्हणजे वाटेंत गळालेला दाब. तो अर्ध्या व्होल्टाहून जास्त असेल तर तारा सुधाराव्यात. तिसरें माप हें अर्थिंगच्या बाजूची गळती सांगतें, तें ०.२ व्होल्टांहून अधिक असेल तर रंग खरवडण्याचें काम पुन्हां करावें. पहिलेंच माप कोसळत असेल तर बॅटरी अथवा अल्टरनेटर कमी पडतो आहे. दोन-चारशें रुपयांच्या साध्या मीटरनें घेतलेलीं हीं तीन मापें पुष्कळदां हजारों रुपयांची खरेदी वांचवितात.

आतां फ्यूजविषयीं. फ्यूज हा मुख्यतः तारेचा रक्षक आहे. बॅटरीची उघडी तार पत्र्यास टेंकली तर शेंकडों अँपियर प्रवाह वाहतो, तार क्षणांत लाल होते, आणि शेजारीं इंधनाची नळी किंवा सीटचा स्पंज असला तर पुढचें सांगावयास नको. म्हणून बॅटरीपासून हातभर अंतराच्या आंत, मुख्य तारेवर, तारेच्या जाडीस शोभेल असाच फ्यूज असावा. चाळीसचा जळतो म्हणून ऐंशीचा घालणें, अथवा त्या जागीं सिगारेटच्या पाकिटांतील चांदी गुंडाळणें, म्हणजे गुरख्यास रजा देऊन दार उघडें टाकणें होय. फ्यूज पुन्हां पुन्हां जळत असेल तर तो कांहीं तरी सांगतो आहे. तें ऐकल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढूं नये.

यंत्र नीट झाल्यावर त्याच्या आवाजाची मर्यादाहि पाळली पाहिजे. भारत सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार वस्तीच्या भागांत दिवसां ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजविण्यास बंदी असून, ठराविक सणांपुरती सवलत सरकार देऊं शकतें. रुग्णालयें, शाळा व न्यायालयें यांच्या भोंवतालचा शंभर मीटरांचा टापू शांततेचा म्हणून सरकारला जाहीर करतां येतो. हा केवळ कायद्याचा प्रश्न नाहीं. ८५ डेसिबलच्या वर रोज तासन् तास राहणाऱ्या कानांची श्रवणशक्ति हळूहळू जाते आणि ती परत येत नाहीं. वूफरांशेजारीं रात्ररात्र उभा राहणारा गाडीवरचा पोरगा हा तिचा पहिला बळी असतो. यंत्राच्या अंगीं निदान थांबण्याची सोय आहे. कानांस तशी सोय निसर्गानें दिलेली नाहीं.

थोडक्यांत, ज्याची गाडी मुकी होते त्यानें दुकान गांठण्यापूर्वीं एका कागदावर चार गोष्टी टिपून ठेवाव्यात: यंत्र केव्हां थांबतें, त्या वेळीं कोणता दिवा लागतो, स्पीकर कसे व किती ओहमचे जोडले आहेत, आणि मीटरनें तीन ठिकाणीं किती व्होल्ट दाखविले. हा कागद पाहून कोणताहि जाणता कारागीर घटकाभरांत दोषाच्या मुळाशीं पोंचेल. आणि त्या कागदावरून मालकालाच दोष सांपडला, तर दुकानापर्यंत जाण्याचेंहि कारण उरणार नाहीं.